डॉक्टरसाहेबांच्या फियाटमधला लाल सिलिंडर

मंगळवार, २ डिसेंबर २०२५. नांदेड

आज गाडी सुरू करताना पुन्हा पेट्रोलचा वास आला आणि पुन्हा हे म्हणाले, "कुठं काय? मला तर न्हाई येत." एवढं म्हणून गाडी बंद केली, बॉनेट उघडलं आणि अर्धा तास आत डोकं घालून बसले. येत नव्हता तर बघत काय होते?

सदतीस वर्षांच्या संसारात हे माझ्याशी खोटं बोलल्याचं आठवत नाही. आता एका गाडीपायी बोलू लागलेत.

बुद्धप्रिया, आमची मुलगी, लातूरला फिजिओथेरपिस्ट आहे. मी फोनवर फार कुरकुर करते म्हणून ती म्हणाली, "आई, लिहून काढत जा. अनोळखी माणसाला सांगतेस असं लिही." म्हणून ही वही. तर, मी लुंबिनी, वय साठ. सरकारी दवाखान्यात बत्तीस वर्षं नर्स होते, त्यातली एकोणीस जळीत वॉर्डात. हे म्हणजे आनंदराज, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. आणि गाडी म्हणजे माझ्या सासऱ्यांची फियाट, १९७२ची, मोतिया रंगाची, गिअरचा दांडा स्टिअरिंगला असलेली.

सासरे, डॉक्टर ज्ञानोबा, किनवटला मेडिकल ऑफिसर होते. जंगलातल्या गावांतून अडलेल्या बायकांना ते याच गाडीतून दवाखान्यात आणायचे. मागच्या सीटवर एक मुलगी जन्मली होती म्हणे. ते गेल्यावर गाडी अकरा वर्षं ताडपत्रीखाली होती. यांनी निवृत्तीनंतर खपून ती चालू केली. आता अठरा जानेवारीला लातूरला जुन्या गाड्यांचा मेळावा आहे, आणि हे ती नांदेडहून चालवत नेणार आहेत. मला शेजारी बसवून.

मला भीती वाटते. एवढं एक वाक्य लिहायला मला इतक्या ओळी लागल्या.

शुक्रवार, ५ डिसेंबर

मेळाव्याचं पत्रक आलं. त्यात एक अट आहे. प्रत्येक गाडीत आग विझवायचा सिलिंडर हवा, चालत्या गाडीत हलणार नाही असा पक्का बसवलेला, आणि बसल्या जागेवरून हाताला येणारा. मी ते तीनदा वाचलं. मी एकटीच खुळी नाही, एवढं तरी कळलं.

नावनोंदणीचा अर्ज यांनीच भरला. अक्षर एवढं बारीक की मला चष्मा पुसून वाचावा लागला. पूर्वी यांचं अक्षर पाटीवर लिहिल्यासारखं टपोरं असायचं. विचारलं तर म्हणाले, "जागा कमी होती." अर्जावर निम्मी जागा रिकामी होती. निवृत्तीनंतर माणूस कशाकशात काटकसर करतो.

संध्याकाळी सिलिंडर घेऊन आले. लाल, एक किलोचा, पावडरचा. तो जुन्या टॉवेलात गुंडाळला आणि डिकीत ठेवला.

"आग लागली तर आधी डिकी उघडायची, मग टॉवेल सोडायचा?"

"आग लागणार न्हाई."

"वॉर्डात आलेल्या प्रत्येकाला असंच वाटत होतं."

यांनी डिकी लावून टाकली. पेट्रोलचा पेशंट आला की आम्हाला दारातूनच वासानं कळायचं. केस, कपडा आणि पेट्रोल. तो वास मी निवृत्तीच्या दिवशी दवाखान्यात ठेवून आले असं समजत होते.

मंगळवार, ९ डिसेंबर

आज जे झालं ते माझ्यामुळे झालं.

मी हट्ट करून सिलिंडर पुढं घेतला आणि पायाशी उभा केला. विष्णुपुरीकडं चक्कर मारायला निघालो होतो. धरणाच्या अलीकडच्या उतारावर एक म्हैस रस्त्यात आली. यांनी ब्रेक दाबला, तसा सिलिंडर आडवा झाला आणि गडगडत यांच्या पायाखाली गेला. ब्रेक अर्ध्यातच अडकला.

"लुंबिनी, काढ ते," एवढंच हे म्हणाले. आवाज चढवला नाही, त्यानं मी जास्त घाबरले. वाकून, यांच्या पोटरीला धरून, तो ओढून काढला. गाडी थांबली तेव्हा म्हैस बॉनेटपासून हातभर लांब होती. तिनं आमच्याकडं बघितलं आणि निघून गेली.

आम्ही बराच वेळ तिथंच बसलो. माझे हात मांडीवर थरथरत होते. यांचाही उजवा हात थरथरत होता. माणूस वरून कितीही शांत दिसो, भीती हातात उतरतेच.

आग लागल्यावर वाचवणारी वस्तू आग लागायच्या आधीच मारायला निघाली होती. सुटा ठेवायचा नाही. बसवायचाच.

रविवार, १४ डिसेंबर

हरिओम मिस्त्री घरी आले. गावात जुन्या गाड्यांना हात लावणारे आता तेच उरलेत.

ते येईपर्यंत यांना दम निघाला नाही. पुढच्या सीटसमोर, गाडीच्या तळाला भोक पाडून सिलिंडरची कडी बसवायची असं ठरवून यांनी ड्रिल मशीन लावलं होतं. मी चहा घेऊन गेले तर शेडमध्ये पेट्रोलचा दर्प कोंडलेला, आणि हे गाडीत वाकून मशीन चालवतायत. माझ्या हातातून ट्रे सुटला.

"बंद करा. आधी बंद करा ते."

"काय झालं?"

"वास येतोय. सगळ्या शेडमध्ये वास येतोय."

यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं, रोखून, हल्ली बघतात तसं, जणू मी किती नाटक करते ते मापून घेतायत. मग मशीन ठेवलं. तेवढ्यात हरिओम आत आले आणि दारातच थबकले. "साहेब, बाहेर या. बाई, तुम्ही बी."

शेडची दोन्ही दारं उघडून पंधरा मिनिटांनी ते गाडीखाली शिरले. पेट्रोलची नळी तळाखालून मागच्या टाकीपासून इंजिनापर्यंत जाते. भोक पाडायला घेतलं होतं त्याच्या बरोबर खाली ती होती, आणि तिचा जोड पाझरत होता. हरिओमनी बोट पुसून नाकाशी धरलं. "पेट्रोल हाय, साहेब. पत्रा फुटून मशीन आत गेलं असतं म्हणजे..." 

"तुम्हाला वास आला नाही का?" मी यांना विचारलं.

"सर्दी हाय मला."

सर्दी नाहीये. रुमाल कोरडा आहे, मीच धुते.

मग हरिओमनी उपाय काढला. तळाला भोक नाहीच पाडायचं. सीट ज्या दोन बोल्टवर बसते त्यांच्यातच एक जाड लोखंडी पट्टी अडकवली आणि पट्टीवर सिलिंडरची पत्र्याची पकड कसली. सिलिंडरसोबतची प्लास्टिकची पकड त्यांनी परत पाठवली, म्हणाले धक्क्यात तुटते. सिलिंडर आता माझ्या सीटच्या पुढच्या कडेला आडवा बसलाय. खटका वर केला की हातात. यांनाही बरं वाटलं, वडिलांच्या गाडीला भोक पडलं नाही म्हणून.

खालच्या सगळ्या रबरी नळ्या बदलल्या. हरिओम म्हणाले, "आजकाल पेट्रोलात इथेनॉल हाय, जुनं रबर मऊ पडून राहिलंय." वर कार्ब्युरेटरपाशी एक वीतभर तुकडा होता. "ह्यो बी बदलू का?"

"राहू द्या. मीच घातलाय दोन वर्षांखाली. चांगला हाय."

सोमवार, २२ डिसेंबर

रोज सकाळी सराव करते. सीटवर बसायचं, डोळे मिटायचे, हात खाली, खटका, सिलिंडर बाहेर. पिन ओढायची फक्त खूण करते. पहिल्या दिवशी अकरा आकडे मोजून झाले होते, आता चारात होतं. सिलिंडरच्या दाबाचा काटा हिरव्या पट्टीत आहे का ते दिवसातून दोनदा बघते. पावडर खाली गच्च बसू नये म्हणून आठवड्यातून एकदा उलटा करून हलवते. हरिओमनी आणखी एक गोष्ट पढवली. पेटलं तर बॉनेट सताड उघडायचं नाही, हवा मिळाली की भडकतं. दोन बोटांची फट, त्यातून मारायचं.

यांनाही सराव करायला लावला. खटक्यावर बोटं घसरतात. तीनदा घसरली. चौथ्यांदा म्हणाले, "तूच कर. मला काय, मी गाडी चालवणार." आणि उठून गेले. शर्टाची बटणं लावायलाही हल्ली मुद्दाम वेळ लावतात, मला उशीर व्हावा म्हणून. रुसवा असा काढायचा असतो होय.

एक गोष्ट मात्र चांगली झाली. काल माझ्याकडून वरण करपलं, घरभर वास झाला, मला तोंडात घालवेना. हे निमूट जेवले. म्हणाले, "चांगलं झालंय." एकेकाळी जिरं जास्त तडतडलं तरी ताट सरकवणारा माणूस. वयानं मवाळ झालेत.

शनिवार, ३ जानेवारी २०२६

पेपरात बातमी होती, बाहेरच्या रस्त्यावर एक चारचाकी जळाली. आतले लोक उतरले होते. फोटोत नुसता सांगाडा.

मी पेपर यांच्यासमोर ठेवला. "मी येणार नाही."

मला वाटलं चिडतील. म्हणतील, मग मी एकटा जातो. हे पेपराची घडी घालत राहिले. मग हळू म्हणाले, "तू न्हाई आलीस तर मला जाता येणार न्हाई."

जाणार नाही म्हणाले नाहीत, जाता येणार नाही म्हणाले. मी विरघळले. या वयात नवऱ्यानं असं म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? जाईन.

शनिवार, १७ जानेवारी

उद्या सकाळी सातला निघायचं. काटा हिरव्यात आहे. सुती साडी काढून ठेवली, नायलॉन अंगाला चिकटतं. केस घट्ट बांधणार. कशासाठी तयारी करतेय हे मला माहीत आहे आणि ते यांना सांगत नाहीये.

विहारात जाऊन आले. डोळे मिटून बसले तरी मनात खटका, पिन, फट एवढंच.

सोमवार, १९ जानेवारी. लातूर, बुद्धप्रियाचं घर

कालचं आज लिहितेय. काल बोटं धरत नव्हती.

लोहा गेलं, अहमदपूर गेलं. गाडी छान चालली होती. अहमदपूरला चहा घेतला, तेव्हा लोक गाडीभोवती जमले. एका म्हाताऱ्यानं दारावर हात फिरवला आणि विचारलं, डॉक्टरांची का ही? हे एवढे खूश झाले की चहाचे पैसे न देताच निघाले, मग परत फिरले. मीही जरा सैल झाले. वाटलं, उगाच घाबरले दोन महिने.

चाकूर पाच-सहा किलोमीटर राहिलं असेल. वास आला. आधी थोडा, मग एकदम नाकात भरला. मी काही बोलायच्या आत यांनी माझ्याकडं बघितलं आणि गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. बॉनेटच्या कडेनं धूर निघाला. पांढरा नव्हता, काळा होता.

"गाडी बंद करा."

यांचा हात किल्लीवर होता आणि किल्ली फिरत नव्हती. हात नुसता हलत होता. मी आडवी होऊन किल्ली फिरवली. तोवर यांनी खाली वाकून सिलिंडरच्या खटक्यात बोटं घातली होती. घसरली. पुन्हा घसरली. माझ्याकडं बघितलं. ते डोळे मी आधी वॉर्डात पाहिलेत, यांचे कधी पाहिले नव्हते.

"सोडा. उतरा. लांब जा."

मग माझ्या हातानंच केलं सगळं. खटका, सिलिंडर बाहेर. बॉनेटचा आतला दांडा ओढला. उतरले. पुढं गेले तर बॉनेटच्या रंगाला फोड येत होते. पिन ओढली. दोन बोटांच्या फटीत सिलिंडरचं तोंड घातलं आणि दाबलं. पांढरा लोट उठला, डोळ्यांत, तोंडात गेला. मी मनात मोजत होते. पाचाला सोडलं. ज्वाळा नव्हती. वाकून बघते तर आत एका कोपऱ्यात निळी जीभ पुन्हा वर आली. तेव्हा मात्र पळावंसं वाटलं. सिलिंडर टाकून शेतातून पळत सुटावं, यांनाही न बघता. खरं लिहायचं म्हटलंय म्हणून लिहिते. मी एक पाऊल मागं घेतलंही होतं.

मग उरलेलं सगळं त्या कोपऱ्यात मारलं. सिलिंडर रिकामा होऊन नुसता फुसफुसला. आग पुन्हा उठली नाही.

शेजारच्या हरभऱ्यातून एक बाई घागर घेऊन धावत आली. मी ओरडले, "पाणी नको, माती आणा." तिनं घागर तिथंच ठेवली आणि पदरात माती भरून आणली. सिंधु तिचं नाव. माती लागलीच नाही, पण ती आमच्यासोबत तासभर बसून राहिली. मला म्हणाली, "बाई, आता तरी सोडा की त्याला." रिकामा सिलिंडर मी अजून धरून होते.

कार्ब्युरेटरजवळचा तो वीतभर तुकडा फाटला होता, न बदललेला. हे रस्त्याच्या कडेला उभे होते आणि म्हणत होते, "मला कळायला पाहिजे होतं. मला कळायला पाहिजे होतं."

बुद्धप्रिया लातूरहून आली. गाडीतून उतरली तसे हे तिच्याकडं चालत गेले. ती होती तिथंच थांबली आणि त्यांना येताना बघत राहिली. मला वाटलं जळका वास घेऊन ती घाबरली. तिनं विचारलं, "पप्पा, तुमचा उजवा हात चालताना हलत का नाही?"

बुधवार, २१ जानेवारी. लातूर

काल तिनं यांना स्वयंपाकघरात बसवलं, डोळे मिटायला सांगितले आणि नाकाशी एकेक वस्तू धरली. लवंग. कॉफी. साबण. शेवटी हिंगाची डबी. हे प्रत्येकाला "काय की" म्हणाले. हिंगालाही. मग अंगठा आणि बोट भराभर जुळवायला लावलं. उजव्या हाताचं बोट चार वेळा जुळलं आणि रुतल्यासारखं थांबलं. स्वतःचं नाव पाच वेळा लिहायला लावलं. पाचवं मला वाचता आलं नाही.

आज मेंदूविकाराच्या डॉक्टरांनी पार्किन्सन म्हणून सांगितलं. सुरुवात आहे, गोळ्यांनी बराच फरक पडेल, पण तूर्त गाडी चालवायची नाही. वास हा बऱ्याच जणांत आधी जातो, कधी कधी कंपाच्या कितीतरी वर्षं आधी.

मी बत्तीस वर्षं नर्स होते. अक्षर, बटणं, वरण, खटका. सगळं या वहीत माझ्याच हातानं लिहिलेलं आहे. आज मागची पानं वाचली आणि वही मिटून ठेवली. मग पुन्हा उघडली, कारण यांचं बोलणं लिहायचं राहिलं.

दवाखान्याबाहेर बाकावर बसलो होतो. "वास जाऊन दोन वर्षं झाली," हे म्हणाले. "आधी वाटलं करोनानं गेलाय, येईल माघारी."

"मला कामून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू गाडीला हात लावू दिला असतास का?" मग म्हणाले, "गाडी सुरू केली की मी तुझ्या तोंडाकडं बघायचो. तुझं नाक आक्रसलं की बंद करायचो. तेवढ्या भरवशावर चालवून राहिलो होतो."

"आणि त्या दिवशी ड्रिल करताना? मी शेडमध्ये नव्हते."

यांनी माझा हात हातात घेतला. तसेच बसलो. गाडीला भ्यायले होते तेव्हा निदान काय करायचं ते ठाऊक होतं. ही भीती कुठं बसवायची मला कळत नाही.

रविवार, १ मार्च. नांदेड

महिनाभर लिहिलं नाही. गोळ्या लागू पडल्यात, बटणं पुन्हा लागतात. गाडी टेम्पोवर घालून हरिओमकडं आणली होती. पावडरनं धातू खराब होतो म्हणून त्यांनी इंजिन आधी सगळं धुऊन पुसून काढलं. वायर, नळ्या सगळ्या नव्या. बॉनेटचा रंग गेला तिथं हे काही लावू देत नाहीत.

परवा माझा शिकाऊ परवाना आला. साठाव्या वर्षी. बुद्धप्रियाला सांगितलं तेव्हा ती फोनवर म्हणाली, "आई, तू?" मी. दुसरं कोण चालवणार आहे ती?

आज सकाळी विष्णुपुरीला, कॉलेजमागच्या मोकळ्या रस्त्यावर गेलो. हरिओमनी गाडी तिथवर नेली आणि ते उतरून झाडाखाली उभे राहिले. मी स्टिअरिंगवर, हे शेजारी.  क्लच सोडला, बंद पडली. पुन्हा बंद पडली. तिसऱ्यांदा असा हिसका बसला की हे पुढं आदळता आदळता राहिले. मी म्हटलं, "बास, उतरते."

"वास येतो का?"

"कशाचा?"

"पेट्रोलचा."

"नाही. कशाचाच नाही."

"मग चालव."

दांडा खाली ओढला, क्लच हळू सोडला. गाडी हलली, चालू लागली. वीस-पंचवीस पावलं गेलो असू. माझी मान सारखी वळत होती, यांचा हात मांडीवर कसा आहे ते बघायला, चेहरा कसा आहे ते बघायला. रस्ता पुढं धरणाकडं वळत होता.

"समोर बघ," हे म्हणाले. "माझ्याकडं नको."